तुम्ही विचारलंत म्हणून : खाऊ वाढवला की कान तयार होतात का?

इंदुरात लोकमान्यनगर-सुदामानगराकडून हा प्रश्न हमखास येतो: “आपली बेल वाजली की चटईवर जाऊन बसायला कुत्र्याला शिकवलंय. पण शेजारची वाजली तरी जातो. खाऊ वाढवू का?”

वाढवलात तर बेलवर जास्त धावेल. दोन्ही बेलवर! समजा, आपल्या दहा बेलपैकी सहांना आणि शेजारच्या दहापैकी दोनांना तो जात होता. पोळीच्या जागी पनीर आल्यावर आठ आणि चार झाले. घरचे खूश, पण ओळख तेवढीच आहे. ‘जाऊन तर बघू’ ही वृत्ती वाढली. म्हणून चुकीच्या फेऱ्याही वहीत मांडा.

ओळख पक्की होते ती चुकीची किंमत मोजावी लागली तर. मधमाश्यांना दोन अगदी जवळचे रंग शिकवताना चुकीच्या रंगावर साध्या पाण्याऐवजी कडू क्विनाइन ठेवलं, तर त्या फरक चांगला पकडतात. कुत्र्याला कडू काही देऊ नका. चुकला की न रागावता दहा सेकंद सगळं बंद, एवढं पुरतं.

दोन्ही आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या खोलीतून वाजवा, नाहीतर तो बेल ऐकण्याऐवजी तुमचा खिशाकडे जाणारा हात बघतो. एका बैठकीत वीस फेऱ्या, दहा-दहा, उलटसुलट. एकच आवाज सलग तीनदापेक्षा जास्त नको. बरोबर बसला की लगेच हरभऱ्याएवढा तुकडा. (शेव नको, तिखट-मीठ त्याला बाधतं.) आधी आपल्या बेलसमोर कचरागाडीचं गाणं, मग कुकरची शिट्टी, शेजारची बेल सर्वांत शेवटी.

शेजारच्या बेलवर लगेच उडी मारायची घाई महागात पडते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगशाळेत कुत्र्याला वर्तुळावर खाणं मिळे, लंबवर्तुळावर नाही. लंबवर्तुळ वर्तुळाकडे सरकत अक्षांचं प्रमाण 9:8 झालं, तेव्हा कुत्रा कण्हू लागला, धडपडू लागला आणि आधी सहज जमणारा 2:1 चा फरकही विसरला. तुमचा कुत्रा जांभया देऊ लागला, तोंड फिरवू लागला की एक पायरी मागे या.

दोन आवाजांना दोन वेगळी कामं शिकवायची असतील, तर बक्षिसंही वेगळी ठेवा: एकाला पनीर, दुसऱ्याला उकडलेलं अंडं. मानसशास्त्रज्ञ ट्रॅपोल्ड यांनी 1970 मध्ये उंदरांवर हेच दाखवलं. एकाला दाणा, दुसऱ्याला साखरपाणी, आणि उंदीर लवकर शिकले. पनीर-अंडं मिसळून दिलंत तर हा फायदा जातो. घरात खाऊ देणारे चार हात असले, की नेमकं तेच होतं.