खाण तशी माती? बटाट्यात नाही

पीएचडीच्या पहिल्याच वर्षी सरांनी बजावलं, कुठले संकर यशस्वी होतील ते आधी कागदावर लिहून दे, मग चिमट्याला हात लाव. मी खेडच्या बटाटेवाल्या घरातली. एका संध्याकाळीत यादी तयार. जास्त उत्पन्नाचे दोन वाण घेतले की झाली जोडी!

जुलैत संकर करायला शिमल्याजवळच्या कुफ्रीला गेले. आपल्याकडे बटाटा फुलला तरी फळ क्वचित धरतो. तिथे अडीच हजार मीटरवर, लांब दिवसांत फुलंच फुलं. परागकणांवर अ‍ॅसिटोकार्मिन या रंगाचा थेंब टाकला की चांगले कण लाल, टपोरे दिसतात. नर म्हणून निवडलेल्या माझ्या लाडक्या वाणाचे बहुतेक कण चिपाडासारखे, बिनरंगी. बटाट्यात नर-वंध्यत्व सर्रास असतं, हे परीक्षेत लिहिलं होतं. यादी करताना आठवलं नाही. बटाट्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, मग त्यालाच मादी केलं. उद्या उमलणारी कळी धरायची, पाची पुंकेसर चिमट्याने काढायचे, कुक्षीवर पराग टेकवायचा, दोरा बांधायचा. आठवड्याने बघते तर निम्मे दोरे फुलांसकट जमिनीवर.

तरी काही फळं धरली, हिरव्या चेरी टोमॅटोएवढी. पुढच्या वर्षी त्यांच्या बियांची रोपं लावली आणि खरा पचका झाला. यादीतल्या पहिल्या जोडीची पोरं किरटी. वंशावळ उलगडली तर दोघांचा आजा एकच! जागा भरायला शेवटी लिहिलेली जोडी मात्र सगळ्यांत उजवी.

बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच. आई-बाप त्यातला निम्मा वाटा देतात, तोही दरवेळी वेगळा. कंदातून जुळलेलं जसंच्या तसं राहतं, बी केलं की विस्कटतं. एखाद्या प्रभावी, म्हणजे एक प्रतही पुरते अशा, रोगप्रतिकारक जनुकाचा हिशेब तेवढा बसतो: एका पालकात एक प्रत असेल आणि दुसऱ्यात एकही नसेल तर निम्मी पोरं तगतात, दोन असतील तर साधारण सहातली पाच, तीन असतील तर जवळपास सगळी. उत्पन्नामागे असंख्य जनुकं, तिथे हा हिशेब चालत नाही.

फोनवर आबांना सांगितलं तर हसले. "वळू काय बघतेस, त्याची वासरं बघ." सर तेच आकड्यांत सांगत होते: एकेक नर अनेक माद्यांना लावून पोरांची सरासरी काढ, आणि कुंडीतलं एखादं रोप निवडत बसण्यापेक्षा कमजोर कुटुंबच्या कुटुंब काढून टाक.

नव्या यादीत आधी पराग, मग वंशावळ, मग पोरं. उत्पन्नाचा रकाना शेवटी.

"नवा वाण कधी?" आबांनी विचारलं.

"दहा-बारा वर्षं."

त्यांनी फोन आईकडे दिला.