चिपचा दुमडलेला पाय

गाडीच्या कॉम्प्युटरसाठी मागवलेल्या चिपसोबत एकच कागद आला होता. त्यावर सहा पायऱ्या: बॅटरी सोडवा, कॉम्प्युटर बाहेर काढा, झाकण उघडा, जुनी चिप काढा, नवी चिप बसवा, सगळं उलट क्रमाने जोडा. पाचव्या पायरीतल्या तीन शब्दांनी माझे दोन रविवार खाल्ले. तो कागद अजून जपून ठेवलाय, अधूनमधून काढून चिडायला.

गाडी १९८६ ची पोर्शे ९४४. साधी, टर्बो नसलेली, अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. या इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे बॉशचा मोट्रॉनिक कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो बघतो चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यात: इंजिनाच्या फेऱ्या इतक्या, भार इतका, तर ठिणगी इतके अंश आधी. कारखान्याने हा तक्ता बरं-वाईट सगळं पेट्रोल गृहीत धरून बेताने लिहिलेला असतो. बाजारात मिळणारी चिप म्हणजे तोच तक्ता, जरा धीटपणे लिहिलेला. मागवण्याआधी कॉम्प्युटर उघडून जुन्या चिपचे पाय (धातूच्या पिना) मोजा. काही ९४४ मध्ये २४ पायांची चिप असते, काहींत २८ पायांची.

कॉम्प्युटर काढणं सोपं. डॅशबोर्डाखाली उताणं पडायचं, मान आखडेपर्यंत. ३५ पिनांचा कनेक्टर सुटतो, डबा हातात येतो, स्क्रू काढून पत्र्याच्या जिभा सरळ केल्या की झाकण निघतं. माझी जुनी चिप सॉकेटमध्ये होती, हे नशीब. काही कॉम्प्युटरांत ती थेट सोल्डर केलेली असते, तेव्हा ज्याचा हात बसलाय त्यालाच बोलवा.

आता पाचवी पायरी. नव्या चिपचे पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले असतात. टेबलावर आडवी धरून एकेक रांग हलकेच आत दाबावी लागते, तेव्हा कुठे ती सॉकेटमध्ये सरळ उतरते. हे कागदावर नव्हतं. मी अर्धचंद्रासारखी खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवली (उलटी बसली तर चिप बहुधा जळतेच), अंगठा ठेवला आणि दाबलं. कट् असा आवाज आला. मला तो आवाज फार आवडला.

गाडी सुरू झाली नाही. स्टार्टर फिरतोय, इंजिन गप्प. धाकटा भाऊ चावी फिरवत होता आणि मी बॉनेटखाली वाकून. पहिला संशय रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचवर. या गाडीत कॉम्प्युटर आणि पेट्रोल पंप दोघांनाही वीज एकाच रिलेतून जाते, आणि जुन्या रिलेच्या आतलं सोल्डर तडकतं. माझ्याकडे दुसरा होता, घातला. काही नाही.

मग आतून आवाज आला, "दादा, फेऱ्यांचा काटा मेलाय."

इथे मी फसलो. ९४४ वाल्यांचं ठरलेलं निदान आहे: स्टार्टर मारताना टॅकोमीटरचा, म्हणजे फेऱ्यांचा, काटा थोडा उड्या मारत असेल तर इंजिनाच्या फेऱ्या टिपणारे सेन्सर ठीक, काटा ढिम्म असेल तर सेन्सर गेले. ठिणगीच पडत नसेल तर काटा हलणार कसा, आणि कॉम्प्युटरलाच काही वाचता येत नसेल तर ठिणगी पडणार कशी, एवढं डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. तासाभरापूर्वी धडधडत असलेल्या गाडीचे सेन्सर अचानक कसे जातील, हेही नाही आलं.

हे दोन सेन्सर इंजिनाच्या मागे, गाडीच्या भिंतीला लागून, फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड दातेरी चाकावर, नजर ठेवून असतात. एक दाते मोजतो, दुसरा दर फेरीला एक खूण टिपतो. हात कोपरापर्यंत घालून चाचपडत काम करायचं. चाळिशीतल्या प्लास्टिकचा जोड मी ओढला आणि तो बिस्किटासारखा बोटांत चुरला. म्हणजे आता गाडीत खरोखरच बिघाड होता, आणि तो मी केलेला होता. पुढचा अख्खा आठवडा नव्या सेन्सरांची वाट बघण्यात गेला. दुसऱ्या रविवारी ते बसवले. खूण टिपणाऱ्या सेन्सरचं अंतर ०.८ मिलिमीटर ठेवावं लागतं, तेही ठेवलं. दोन्ही सेन्सर दिसायला सारखे, म्हणून जोडांवर आधी रंगीत टेप लावा, अदलाबदल झाली तर गाडी सुरू होत नाही. मी टेप लावली होती. तरी काटा ढिम्म.

शेवटी चिप विकणाऱ्याला चार परिच्छेदांचं खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं: "जुनी चिप घालून बघितली का?"

मला राग आला. मग लाज वाटली, कारण नव्हती बघितली. नवी चिप उचकटून काढली आणि उलटी केली. एका रांगेत चौदा पाय, दुसरीत तेरा. चौदावा पोटाखाली काटकोनात दुमडून चपटा झालेला. वरून पाहिलं तर चिप अगदी सपाट, शहाण्यासारखी बसलेली दिसत होती. तो कट् आवाज बहुधा त्याचाच. चिमट्याने पाय हळूहळू सरळ केला (एकदाच करता येतं, दुसऱ्यांदा तुटतो), बाकीचे टेबलावर आत दाबले, विजेरी धरून प्रत्येक पाय आपापल्या खाचेत आहे हे पाहिलं आणि मगच दाबलं. भावाने चावी फिरवली. पहिल्या झटक्यात.

तेव्हा आधी जुनी चिप परत घाला. गाडी चालली तर गाडी चांगली, घोळ तुमच्या हातातल्या चिपचा. हे दहा मिनिटांचं काम आहे.

फरक? टर्बोत चिप खूप काही करते, कारण तिथे हवेचा दाब वाढवता येतो. साध्या इंजिनात चमत्कार होत नाही. मधल्या फेऱ्यांत गाडी जरा उत्सुक वाटते, अ‍ॅक्सिलरेटरला लवकर उत्तर देते. एवढंच, आणि मला तेवढं पुरतं. पण या इंजिनाला नॉक सेन्सर (ठिणगी फार लवकर पडल्यावर होणारी टकटक ओळखणारा) नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये टकटक ऐकू आली तर ती थांबवणारे तुम्हीच, म्हणून जास्त ऑक्टेनचं पेट्रोलच भरा. चिपच्या पाठीवरचं लेबल सोलू नका. खाली काचेची खिडकी असेल तर उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला मजकूर हळूहळू पुसला जातो.

आणि हो, बॅटरी सोडवण्याआधी रेडिओचा कोड शोधून ठेवा, वीज तुटली की रेडिओ तो मागतो. मी अजून शोधतोय.