हाताला बसणारा माऊस

पाडेली आपली कोयती दुसऱ्याच्या हातात देत नाही. मागून बघा. माडावर चढायच्या आधी तो कमरेची आकडी चाचपतो, कोयती तिच्यात अडकवतो, आणि तुम्ही ‘जरा दे रे, एवढी झावळी तोडतो’ म्हणालात तर तो घरातली दुसरी आणायला सांगतो. पातं काय, लोहाराकडून कोणीही आणावं. मूठ मात्र त्याच्या एकट्याच्या हाताने झिजलेली असते. कुठे अंगठा टेकायचा, कुठे करंगळी आवळायची, हे लाकडाला इतक्या वर्षांत पाठ झालेलं असतं.

लॅपटॉपचा माऊस ही याच जातीची वस्तू आहे असं माझं मत आहे. दिवसभर तळहाताखाली राहणारी. आणि ती विकली जाते खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर, तेही खोकं न उघडता.

मला माऊस लागला तो आंब्यापायी. आमची गुहागरला वाडी आहे, वरच्या पाटात, थोडी सुपारी, थोडे नारळ आणि मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हापूसची कलमं. मार्चपासून ऑर्डरी फोनवर येतात. कोणाला पाच डझनी पेटी, कोणाला दोन डझन पण अक्षय्य तृतीयेच्या आत, कोणाला ‘मागच्या वर्षीसारखाच, पण जरा मोठा’. हे सगळं मी लॅपटॉपवर तक्त्यात उतरवते. ह्यांचं म्हणणं, लॅपटॉपला टचपॅड आहे ना, मग आणखी खर्च कशाला? टचपॅडची मजा अशी की त्याला बोटाचा विद्युतभार कळतो, आणि ओल्या बोटाने त्याची गल्लत होते. थंड खोलीत बसून काम करणाऱ्याला हे जन्मात समजायचं नाही. एप्रिलमध्ये आमच्या पडवीत दुपारी दोन वाजता बसा, लाइट गेलेली असू दे, पंखा थांबलेला असू दे, मग बघा तो बाण कसा उड्या मारतो ते. पुण्याच्या पेट्या डोंबिवलीच्या रकान्यात जाऊन पडतात.

माऊस ज्याने घडवला त्या डग्लस एंगेलबार्टचं मला कौतुक वाटतं ते एका वेगळ्याच कारणासाठी. १९६४च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्याने कल्पना मांडली आणि बिल इंग्लिश या सहकाऱ्याने ती प्रत्यक्षात उतरवली. लाकडाचा ठोकळा, वर एक बटण, खाली काटकोनात बसवलेली धातूची दोन चाकं. (लाकडाचा म्हटल्यावर आमच्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी त्याला काय सुंदर लाखकाम केलं असतं, हा विचार माझ्या मनात येतोच.) पण ठोकळा केला आणि हाच उत्तम म्हणून सांगत सुटले, असं त्यांनी केलं नाही. पडद्यावर टेकवायचा प्रकाशाचा पेन, दांडा असलेली जॉयस्टिक, इतकंच काय, टेबलाखाली गुडघ्याने चालवायचं एक साधनसुद्धा त्यांनी घेतलं, आणि माणसं बसवून प्रत्येकाची चाचणी घेतली. गंमत म्हणजे नवख्या लोकांना गुडघा बरा जमला. हात बसलेल्यांमध्ये मात्र माऊस पुढे गेला. वेगही जास्त आणि चुकाही कमी. मग ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो जगाला दाखवला, १९७०मध्ये पेटंट मिळालं. पेटंट तो काम करत होता त्या संस्थेच्या मालकीचं, त्यामुळे एंगेलबार्टला त्याच्या विक्रीतून काही मिळालं नाही. पण ‘आधी माणसाच्या हातात देऊन बघा’ हा त्याचा हट्ट मला फार आवडतो. आज दुकानात तेवढंच करू देत नाहीत.

चिपळूणच्या बाजारात मी ज्या दुकानात गेले तिथे भिंतीवर २०२१च्या जुलैतल्या पुराची रेघ तशीच ठेवली आहे, रंग देतानाही त्यांनी ती पुसली नाही. मुलगा हुशार आहे, सगळा नाजूक माल त्या रेघेच्या वर मांडून ठेवतो. म्हणजे प्रत्येक माऊससाठी त्याला स्टुलावर चढावं लागतं. 

“काकू, सगळे सारखेच असतात. रंग कुठला देऊ?”

“रंग राहू दे. उघडून दाखव.”

“सील तोडलं की कंपनी परत घेत नाही.”

“मग तुझा गल्ल्यावरचा दाखव. तो तर उघडाच आहे.”

त्याने आपला वापरातला माऊस पुढे सरकवला, आणि मग बरणीतून गोळ्या बाहेर पडाव्यात तसे नमुन्याला ठेवलेले आणखी काही निघाले. मी त्यांवर एकेक करून हात ठेवला. नुसता ठेवला, हलवलाही नाही. या वेळी एकच बघायचं असतं, की हात आपण होऊन सैल पडतो की बोटं आखडतात.

बहुतेकांवर आखडली. ‘लॅपटॉपसाठी’ म्हणून जे माऊस विकतात ते मुद्दाम लहान केलेले असतात, बॅगेच्या कप्प्यात मावावेत म्हणून. लॅपटॉप हिंडणारा, तेव्हा माऊसही हिंडणारा, असा हिशेब. माझा लॅपटॉप घेतल्यापासून टेबलावरून उठलेला नाही, तो झोपाळ्यापर्यंतसुद्धा जात नाही. त्याच्या माऊसने लहान का राहावं? छोट्या माऊसवर तळहात टेकत नाही, नुसत्या बोटांच्या टोकांनी तो चिमटीत धरावा लागतो, आणि मनगट खाली टेबलाच्या कडेला घासत राहतं. तासभर चालतं. ऑर्डरींचा दिवस तासाभराचा नसतो. आपल्या हाताचं माप घ्यायचं असेल तर मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत शिंप्याची टेप लावावी. सतरा सेंटीमीटरच्या आतला हात साधारण लहान धरतात, एकोणीसच्या पुढचा मोठा. माझा मधलाच निघाला. ह्यांचा पंजा त्या मानाने फावड्याएवढा.

दुकानातला मुलगा मला डीपीआय सांगत होता. याचे इतके हजार, त्याचे तितके हजार. हे प्रकरण साधं आहे. माऊस एक इंच सरकवला की तो किती ठिपके मोजतो, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या लॅपटॉपचा पडदा १९२० ठिपके रुंद. १००० डीपीआयचा साधा माऊस दोन इंच सरकवला की बाण या टोकाचा त्या टोकाला पोचतो. वीस-पंचवीस हजारांचा आकडा घेऊन मी काय करू? तो धावत्या खेळांत शत्रू टिपणाऱ्या पोरांसाठी. मला ‘रवाना’ या रकान्यात एक खूण करायची असते.

खोक्यावर जे छापत नाहीत ते आमच्याकडे जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते म्हणजे हवा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत चपलेपासून पोथीपर्यंत सगळ्याला बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं. अशा हवेत रबराचा मऊ मुलामा दिलेला माऊस घेऊ नये. दुकानात त्याच्यावर हात ठेवला की इतकं सुख वाटतं की बाकीचे नकोसे होतात. पण तो मुलामा बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट हवेतल्या पाण्याने तो हळूहळू विरघळल्यासारखा होतो. दोन-चार पावसाळ्यांत माऊस बोटांना चिकटायला लागतो, धूळ धरतो, नखाने खरवडलं की काळ्या वळ्या निघतात. स्पिरिटने पुसून तो सगळा काढून टाकता येतो, पण मग ज्या मऊपणासाठी पैसे मोजले तोच गेला. कडक प्लॅस्टिकचा, किंचित खरखरीत पाठीचा माऊस दिसायला गरीब असला तरी आमच्या हवेत तोच टिकतो. बटणाखालची बारीक पत्रीही अशीच, खाऱ्या दमट वाऱ्यात तिच्यावर गंज धरला की एकदा दाबलेलं लॅपटॉपला दोनदा ऐकू येतं. त्याला इलाज नाही. निदान बिघडल्यावर जीव हळहळणार नाही एवढ्याच किमतीचा घ्यावा.

वायर नसण्याचं सुख मात्र निर्विवाद. आमच्या टेबलावर पावत्यांचं पुस्तक, शिक्के, सुतळीचा गुंडा, चहाचा कप हे कायमचे रहिवासी आहेत आणि वायरीने त्यातलं काही ना काही ओढून खाली पाडलेलं आहेच. बिनवायरीत दोन जाती. एकाला ब्लूटूथ, दुसऱ्याला लॅपटॉपच्या भोकात खोचायचं नखाएवढं डोंगल. ब्लूटूथवाल्याला लॅपटॉपचं भोक अडवावं लागत नाही, पण झोपी गेला की उठायला क्षणभर घेतो. डोंगलवाला लगेच जागा होतो, फक्त स्वस्तातल्याचं डोंगल हरवलं की माऊस जिवंत असून मेल्यासारखाच, कारण तो दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. माऊसच्या पोटात डोंगल ठेवायला खाच असते, ती आहे की नाही ते दुकानातच उलटं करून बघावं. आणि एक. शेजारच्या भोकात बाहेरची हार्ड डिस्क लावली की बाण अडखळतो. अशा डिस्कच्या जलद जोडणीचा, म्हणजे यूएसबी ३चा, गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास उठतो आणि माऊसही त्याच पट्ट्यात बोलतो. डोंगल दुसऱ्या बाजूला लावलं की भांडण मिटतं. 

सेलच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पेन्सिल सेलवर चालणारा घ्यावा. चार्जिंगचा माऊस छान, त्याच्यात सेलचं वजन नाही, सेल पाझरून आत पांढरा चुना धरण्याची भीती नाही. पण जून-जुलैत वाऱ्याने तार तुटली की लाइट कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही, आणि पेन्सिल सेल वाण्याकडे गोळ्या-बिस्किटांच्या बरणीशेजारी टांगलेले असतात. तेही नसेल तर भिंतीवरच्या घड्याळातला काढता येतो. आमच्या माजघरात मध्यंतरी बराच वेळ सव्वाचारच वाजलेले होते, ते याचमुळे.

आमच्या टेबलाला काच आहे, खाली मुलीचे शाळेचे फोटो, एका आचाऱ्याचं जुनं कार्ड, कालनिर्णयची पानं. काच म्हटली की माऊस आंधळा. त्याच्या पोटात एक दिवा आणि एक इवलासा कॅमेरा असतो. खालच्या पृष्ठभागाचे तो सेकंदाला हजारांवर फोटो काढतो आणि मागच्या-पुढच्याची तुलना करून आपण किती सरकलो ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला ओळखीची खूणच सापडत नाही. २००९पासून काचेवर चालणारेही माऊस मिळतात, महाग असतात. मी लग्नपत्रिकेचा जाड कागद खाली घातला. पत्रिकेवर ठिपक्यांची नक्षी होती, माऊस खूश.

आवाज न करणाऱ्या बटणांचा माऊस हा प्रकार मला आधी चोचला वाटायचा. पण रात्री दहानंतर गुहागरात समुद्र सोडला तर काही बोलत नाही, आणि ओटीवर मी हिशेब मिटवत बसले की प्रत्येक टिक् आतल्या खोलीपर्यंत जायची. तिथून सासूबाईंचं “कृष्ण कृष्ण” ऐकू यायचं, जमिनीवर बोटं आपटल्याचं ऐकू यायचं. पाल चुकचुकतेय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी एकदा त्यावरून ह्यांचं मुंबईला जाणंही एक दिवस लांबवलं.

राहता राहिली मुलगी. ती डावखुरी. उजव्या अंगठ्यासाठी खळगा केलेले जे माऊस मला उत्तम बसले, त्यांवर तिचा हात ठेवला तर करंगळी लोंबकळते. डाव्या हाताचे वेगळे मिळतात, पण दुकानाच्या फळीवर क्वचितच, मागवावे लागतात. म्हणून शेवटी दोन्ही अंगांनी सारखा, कडक पाठीचा, पेन्सिल सेलचा, बिनआवाजी, जरा मोठा असा घेतला. बटणांची अदलाबदल विंडोजमध्ये एका ठिकाणी करता येते, ती सुट्टीत आली की करते आणि जाताना परत करायची विसरते. मग ती गेल्यावर सकाळी मी पहिली पेटी रद्द करून बसते.

त्या स्टुलावरून उतरता उतरता त्या मुलाने मला एक उभा माऊसही दाखवला होता. हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसा तो धरायचा, तळहात जमिनीकडे न राहता आतल्या बाजूला, अंगठा वर. काही कंपन्या तो ५७ अंशांत कललेला करतात. असं धरलं की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवर पिळली जात नाहीत. माझा हात त्याच्यावर असा काही विसावला की मुलाला म्हटलं, हा किती? त्याने किंमत सांगितली आणि मी हात काढून घेतला. तेव्हापासून मनगट जरा जास्तच दुखतंय.

“डाव्या हाताचाही येतो काकू, मुंबईहून मागवून ठेवू?” असं परवा त्याने फोनवर विचारलं. मागव म्हटलं, माझ्यासाठी उजवा. यायचाच तर पाऊस लागायच्या आत यावा, नंतर परशुराम घाटात दरड आली की कुरिअरचा भरवसा नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, यादीत लिहून ठेवलाय, मीठ, मिरच्या, सुकट, ताडपत्री यांच्या खाली, बारीक अक्षरात.