आज आईची वाय-९० झाली

आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय. आज जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट लिव्हरपर्यंत नेऊन यट्रियम-९० (म्हणजेच वाय-९०) हा किरणोत्सारी पदार्थ असलेले मणी सोडले, केसाहूनही बारीक. गाठींना रक्त मुख्यतः यकृताच्या धमनीतून मिळतं, निरोगी लिव्हरला पोर्टल शिरेतून. म्हणून मणी गाठींपाशीच जाऊन अडकतात. किरण जेमतेम काही मिलिमीटर जातात, आणि दर ६४ तासांनी त्यांचा जोर निम्मा होतो. हे ऐकून मला किती धीर आला!

पाय न हलवता आई तासन्‌तास पडून होती. एवढंच विचारलं, "चिमीला जवळ घेऊ ना गं?"

लहान मुलांपासून काही दिवस लांब राहायचंय. रात्री चिमी दारातच उभी राहिली, आजीला नवीन फ्रॉक गोल फिरून दाखवला. आई बघतच राहिली.