तरोट्याला देव नाही

श्रावणातल्या शनिवारी सकाळी बागेत पोहोचलो, तेव्हा मारुतीच्या माळेसाठी रुईची पाने खुडणाऱ्यांची लगबग सुरू होती आणि कुंपणालगत कंत्राटदाराचा माणूस ग्रासकटर फिरवत होता. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनापूर्वी बाग ‘स्वच्छ’ करा, असा निरोप होता. आमच्याकडे स्वच्छ म्हणजे कातरलेली हिरवळ आणि चुना फासलेल्या विटा. यंत्र थांबवेपर्यंत तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याचा, बहुतेक पट्टा आडवा झाला होता.

नागपूरच्या एका लेआउटमधल्या या बागेत स्थानिक वनस्पती परत आणण्याचे काम मी पाहतो. त्यातला मोठा वेळ गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटण्यात जातो. तरोटा मात्र मुद्दाम राखला होता. ग्रास यलो ही पिवळी फुलपाखरे त्याच्या पानांवर एकेक अंडे घालतात. उभे, दोन्ही टोकांना निमुळते आणि तांदळाच्या कणीहून बारीक. तरोट्याच्या फुलातला पराग परागकोशाच्या टोकावरच्या छिद्रातून बाहेर पडतो. त्यासाठी मधमाशीच्या जातकुळीतल्या माशीला फूल धरून अंगाचे स्नायू थरथरवावे लागतात. अशा माश्यांपैकी काही जमिनीत बीळ करतात, म्हणून शेजारची माती उघडी ठेवली होती. पाहणीला येणाऱ्यांना ते अर्धवट राहिलेले काम वाटते.

कापलेल्या ढिगातून अंडी असलेल्या डहाळ्या निवडून मी उभ्या राहिलेल्या रोपांना दोऱ्याने बांधल्या. यंत्र चालवणाऱ्याला काय बोलणार? ‘रुई सोडून सगळे काप,’ एवढेच त्याला सांगितले होते.

रुईचे पान खुडणाऱ्या एका आजींनी पान उलटून पाहिले, खाली प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसताच ते सोडून दुसरे घेतले. माहितीफलक बागेत तीन भाषांत आहे, पण तो कोणी वाचताना मला दिसलेले नाही. रुई टिकली ती मारुतीमुळे. आमच्या आराखड्यामुळे नव्हे. तरोट्याचे म्हणाल तर पहिल्या पावसातली कोवळी भाजी खुडायला बायका हौसेने येतात, पण श्रावणात पाने जून होतात आणि नेमकी अंडी असतात तेव्हा त्याला कोणी वाली उरत नाही.

आमचा माळी दुपारी म्हणाला, ‘‘साहेब, तरोट्यातही एखादा शेंदूर फासलेला गोटा ठेवून देऊ का?’’ मी त्याला झापले. सोमवारच्या बैठकीत तरोट्याच्या पट्ट्याभोवती लावायच्या दोरी आणि खुंट्यांसाठी पैसे मागितले, तेव्हा ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे उत्तर मिळाले. माळ्याने तो प्रश्न पुन्हा विचारला, तर काय सांगावे हे मला ठरवता आलेले नाही.