सेटच्या आत शिरलेला प्रेक्षक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत चेनब्लॉकने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, जड ओतीव कास्टिंग उचलताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रोलर कोस्टरच्या चढावर ऐकू येणारा ‘टक-टक-टक’ हा आवाज अनोळखी वाटणार नाही. चेनब्लॉकमध्ये साखळी ओढली जाते तसा एक खटका दात्यांवरून सरकत पुढच्या खाचेत पडत राहतो आणि हात सुटला तरी भार खाली येऊ देत नाही. कोस्टरच्या चढावरही रुळांच्या मध्ये दात्यांची लांब पट्टी बसवलेली असते, आणि डब्याच्या पोटाखालचा खटका एकेका दात्यावर आपटत वर जातो; साखळी तुटलीच, तरी गाडी मागे घसरत नाही. ज्या आवाजाने आपल्या पोटात गोळा येतो, तो आवाज खरे तर गाडी धरून ठेवणाऱ्या खटक्याचा असतो. पोटापाण्याचे काम मशीन शॉपचे आणि नाद थीम पार्कचा, अशी माझी वीस वर्षांची स्थिती असल्यामुळे ही तुलना मला फार आवडते.

तरीही पार्कात जाऊन केवळ यंत्रे पाहणे म्हणजे नाटकाला जाऊन रंगमंचाच्या फळ्या मोजण्यासारखे आहे, हे मला उशिरा कळले. आपल्याकडे पार्कातून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती राइड झाल्या?’ हा. आकाशपाळणा आणि मौत का कुआँ असलेल्या जत्रेला हा हिशेब शोभतो. थीम पार्क हा मात्र सिनेमाचा किंवा नाटकाचा असा सेट असतो, की ज्यात प्रेक्षकालाच आत सोडलेले असते. रंगवलेल्या पडद्याचे मोल ज्या गावाला ठाऊक आहे, त्या कोल्हापूरला हे वेगळे सांगावे लागू नये. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत असत, आणि पुढे बाबूरावांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमाकडे मोर्चा वळवला, तो याच गावात.

रोलर कोस्टरचा इतिहाससुद्धा पडद्यांपासून फार लांब नाही. ला मार्कस थॉम्प्सन यांनी १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली, तेव्हा तिकीट पाच सेंट होते आणि वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे रंकाळ्यावर सायकल चालवणाऱ्या शाळकरी पोराने सहज मागे टाकावा इतकाच. बाकडी आडवी असल्याने प्रवासी बाजूचा देखावा पाहत जात. त्याच थॉम्प्सननी १८८७ साली अटलांटिक सिटीत ‘सिनिक रेल्वे’ उभारली, तिच्या बोगद्यांत देखावे मांडलेले होते आणि गाडी जवळ आली की त्यांच्यावरचे दिवे लागत. अंधारातून जाणारी गाडी, समोर अचानक उजळणारे दृश्य आणि पुन्हा अंधार, ही मांडणी आजच्या डार्क राइडमध्ये जशीच्या तशी सापडते.

यंत्राच्या बाजूने दोनच टप्पे सांगतो. जॉन मिलर यांना १९१९ साली रुळाला खालच्या बाजूने धरून ठेवणाऱ्या चाकांचे पेटंट मिळाले. वर वजन पेलणारे, बाजूने वळण सांभाळणारे आणि खालून उडू न देणारे अशी तिहेरी पकड बसल्यामुळेच पुढे खोल उतार आणि उंच उसळ्या शक्य झाल्या. दुसरा टप्पा अमेरिकेतल्या डिस्नेलँड पार्कातल्या मॅटरहॉर्न या नकली डोंगरातल्या कोस्टरचा. १९५९ च्या या राइडमध्ये पोलादी नळ्यांचा रूळ प्रथम वापरला गेला आणि मार्गाचे ब्रेक असलेले टप्पे पाडून एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या सोडण्याची सोय झाली. या नकली डोंगराच्या पोटात, कर्मचाऱ्यांसाठी, बास्केटबॉलचे छोटे मैदान आहे.

डिस्नेलँड कॅलिफोर्नियातील अ‍ॅनहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडले. पहिला दिवस फजितीचा होता: बनावट तिकिटांमुळे बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसे आत शिरली, आणि उन्हाने मऊ पडलेल्या ताज्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या. पण मला तो पार्क महत्त्वाचा वाटतो तो आराखडा करणाऱ्या माणसांमुळे. वॉल्ट डिस्ने यांनी मार्विन डेव्हिस यांच्यासारखे सिनेमाचे कलादिग्दर्शक हाताशी धरले, आणि त्यांनी सेटवरच्या युक्त्या विटा-सिमेंटमध्ये उतरवल्या. तिथला किल्ला जेमतेम ७७ फूट उंच आहे, पण वर जाता जाता दगडांचा आकार लहान करत नेल्यामुळे तो आहे त्याहून बराच उंच भासतो. बाजारपेठेतल्या इमारतींचे वरचे मजलेही असेच आखूड आहेत. नाटकाच्या पडद्यावर राजवाड्याचे खांब मागे जाताना बारीक काढतात, तोच हा प्रकार. रस्त्याच्या टोकाला उंच काहीतरी दिसत ठेवायचे, म्हणजे पावले आपोआप तिकडे वळतात, हीसुद्धा त्यांची युक्ती. कोल्हापुरात ताराबाई रोडवरून अंबाबाईच्या देवळाकडे येताना समोर महाद्वार दिसू लागले की आपली चाल जशी बदलते, तसेच काहीसे हे असते.

आपल्या देशात मोठ्या पार्कांची सुरुवात दिल्लीच्या अप्पू घरापासून झाली. १९८२ च्या एशियाडचा हत्ती अप्पू याचे नाव घेऊन ते १९८४ साली प्रगती मैदानावर उघडले आणि २००८ साली बंद झाले. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आले. खाडी लाँचने ओलांडून पार्कात जायचे, हीच आमच्या शाळेच्या सहलीतली अर्धी मौज होती. समुद्र न पाहिलेली अर्धी वर्गमित्रमंडळी लाँचमध्येच खूश झाली होती. दक्षिणेकडे व्ही-गार्ड स्टॅबिलायझरवाल्या चित्तिलापिल्ली यांनी २००० साली कोचीत पार्क काढले आणि २००५ साली बंगळूरजवळ बिडदीला वंडरला सुरू केले. त्यांच्या काही राइड ते स्वतःच तयार करतात, आणि कारखानदार माणसाने काढलेले पार्क तिथल्या टापटिपीवरून ओळखू येते, असे माझे पक्षपाती मत आहे.

सेट म्हणून पाहायचे असेल, तर मात्र कोल्हापूरकराला खोपोलीजवळचे इमॅजिका सोयीचे, साधारण तीनशे किलोमीटरवर. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेपासून अ‍ॅडलॅब्ज उभी करणाऱ्या मनमोहन शेट्टी यांनी ते २०१३ साली सुरू केले आणि २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. सिनेमावाल्याचा हात तिथे जागोजागी दिसतो. ‘राजासॉरस’ हे पाण्यातल्या राइडचे नाव पोरांसाठी बनवलेले वाटते, पण राजासॉरस खरोखर होता. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रहिओलीला सापडलेल्या हाडांवरून २००३ साली त्याचे नामकरण झाले. ज्या लाव्ह्याने सह्याद्रीचा काळा कातळ घडवला, त्याच सुमाराचा हा प्राणी. तेव्हा बोटीत बसल्यावर त्याला परका समजू नये.

तिथला ‘नायट्रो’ हा स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा कोस्टर बिनतळाचा आहे. गाडी सुटण्याआधी पायांखालची फळी बाजूला होते आणि पाय अधांतरी लोंबतात. माझ्या पायांत त्या दिवशी नव्या कोल्हापुरी चपला होत्या, त्या फलाटावर काढून ठेवताना मला राइडपेक्षा चपलांचीच काळजी जास्त वाटली. बसायचे कुठे, याबद्दल नेहमी वाद होतो. पुढच्या रांगेत समोर कोणी नसते, म्हणून देखावा पूर्ण मिळतो. पण माथ्यावरून पुढचा डबा हळू उतरतो, कारण मागचे डबे अजून चढत असतात. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे सगळे वजन खाली ओढत असते, त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसाला कोणीतरी कॉलर धरून खेचल्यासारखे वाटते. पहिली फेरी पुढे आणि दुसरी मागे, असा माझा क्रम आहे. मान सरळ ठेवून डोके मागच्या उशीला टेकवावे, आणि पिळाचे वळण येताना खाली पाहू नये.

जाण्याबद्दल थोडे अनुभवाचे. एकदा आम्ही एका सहल कंपनीच्या बसने गेलो होतो. पहाटे निघतो म्हणून निघाली सहाला, कराडला नाश्त्याला तासभर थांबली, पुण्यात आणखी दोन कुटुंबांना घ्यायला थांबली, आणि आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. त्या दिवशी आमच्या चारच राइड झाल्या. तेव्हापासून मी आदल्या रात्रीच खोपोलीत किंवा लोणावळ्यात मुक्काम करतो, मंगळवार-बुधवार निवडतो आणि डिसेंबर-जानेवारीतले शाळांच्या सहलींचे दिवस टाळतो. फाटक उघडल्यावर सगळे जवळच्या राइडकडे पळतात, तेव्हा आपण सरळ मोठ्या कोस्टरकडे जावे; बंदिस्त राइड दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवाव्यात. पावसाळ्यात गर्दी कमी असते खरी, पण खोपोलीचा पाऊस तो, जोर धरला आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. मुलांची उंची घरीच मोजून न्यावी, म्हणजे पट्टीजवळ रडारड होत नाही. ओढणी, सैल पदर आणि बिनदोरीचा चष्मा यांची व्यवस्था आधीच करावी. कोस्टरच्या आधी भरपेट जेवू नये, हे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला सांगावे लागते.

आणि रांगेत मोबाइल खिशात ठेवावा. रांग हाही सेटचाच भाग असतो. गोष्ट तिथेच सुरू होते. भिंतीवरचा कातळ बोटाच्या पेराने ठोकून पाहावा: बद्द आवाज आला तर सिमेंट, पोकळ आला तर फायबर. खडकाच्या सांध्यांत शेवाळ दाखवायला रंगाऱ्याने हिरवा रंग पातळ करून वरून ओघळू दिलेला असतो, त्याचे ओघळ नीट पाहिले तर अजून दिसतात.

ज्यांना एवढा प्रवास नको, त्यांनी कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचे सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम याच नजरेने पाहावे. तिथे एकही राइड नाही, पण बारा बलुतेदारांचे अख्खे गाव माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे, आणि एका घरापासून दुसऱ्याकडे जाणारी वाट अशी फिरवली आहे, की पुढचे दृश्य वळल्याशिवाय दिसत नाही. मागच्या दिवाळीत गडहिंग्लजच्या आत्याला तिथे नेले होते. मी लोहाराच्या भात्याची घडण निरखत मागे राहिलो आणि पुढे गेलो तेव्हा आत्या कुंभाराच्या पुतळ्यासमोर कमरेत वाकून उभी होती. “ह्यो माठ केवढ्याला दिलास रे?” असे तिने त्याला विचारले, आणि तो उत्तर देत नाही म्हणून ती जरा रागावलीही.