घटस्थापनेचा पॅच

22 सप्टेंबर 2025. सोमवार, घटस्थापना, आणि जीएसटीचे नवे दरही त्याच दिवसापासून लागू. आम्ही लातुरात बसून कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. लातूर, धाराशिव, बीडकडची दुकानं हे आमचं गिऱ्हाईक. दर बदलणार म्हटल्यावर जो तो हेच विचारायचा, ‘अहो, मालाच्या मास्टर यादीत 12 टक्क्यांचे 5 केले की झालं, अपडेट कशाला?’

तेवढ्यानं भागत नव्हतं. रासायनिक खत 5 टक्क्यांत होतं तिथंच राहिलं, रासायनिक कीटकनाशक 18 वरच राहिलं. सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि ट्रायकोडर्मा, निंबोळीची औषधं अशी ठरावीक जैविक कीटकनाशकं मात्र 12 वरून 5 वर आली. आता ऑगस्टमध्ये 12 टक्क्यांनी विकलेला डबा शेतकऱ्यानं ऑक्टोबरात परत आणला, तर क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या मालाचं उलटं बिल, 12 टक्क्यांचीच निघायला हवी. आमच्या प्रोग्रॅममध्ये एका मालाला एकच दर. दराला तारीख जोडायची म्हणजे कोडमध्ये हात घालणं आलं. जीएसटी परिषदेचा निर्णय 3 तारखेला झाला होता, पण दरांची अधिसूचना निघाली 17 ला, मुक्तिसंग्राम दिनाला. झेंडावंदन उरकून आम्ही मशीनपुढे बसलो.

कोडचं काम फार नव्हतं. अडचण होती ते दुकानात पोचवायची. आमचा पूर्ण इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्रॅम बसवायचं सगळं सामान, 210 एमबीचा: डेटाबेस, रिपोर्ट छापणारं इंजिन, मराठी फॉन्ट. त्यात आमचा स्वतःचा प्रोग्रॅम 20 एमबीच्याही आत. एरवी अपडेट म्हणून सगळंच पाठवायचं आणि दुकानदारानं रात्री डाउनलोड लावून झोपायचं, अशी पद्धत होती. त्या आठवड्यात पावसानं ती पद्धत मोडली. लाइट जायची, टॉवर बंद पडायचे. वाटीभर साखरेसाठी आख्खं पोतं पाठवायचे ते दिवस नव्हते.

म्हणून पॅच करायचा ठरला, म्हणजे बदल झालेला भाग तेवढाच पाठवायचा. विंडोजची प्रोग्रॅम बसवायची स्वतःची सोय असते, विंडोज इन्स्टॉलर; त्यात यासाठी एमएसपी नावाची फाईल असते. पॅच करणारं टूल जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून फरक तेवढा काढतं आणि तिच्यात भरतं. फरक होता तीन डीएलएलचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या तीन तुकड्यांचा. पॅच मात्र निघाला 18 एमबी.

माझा सहकारी कॉम्प्रेशनच्या मागे लागला. हे सगळीकडे होतं, आकार मोठा दिसला की माणूस आधी दाबून बसवायला बघतो. दोष तिथं नव्हता. आम्ही पूर्ण प्रोजेक्ट नव्यानं कंपाइल करत होतो, म्हणजे कोडपासून चालत्या फायली बनवत होतो, आणि जुन्या सेटिंगवर डॉटनेटचा कंपायलर कोडची ओळही न बदलता दर वेळी वेगळी फाईल काढतो. आत नवी वेळ, नवा ओळख-क्रमांक. त्यावर आमची बिल्ड स्क्रिप्ट प्रत्येक डीएलएलवर नवा व्हर्जन नंबर ठोकायची. पॅच करणाऱ्या टूलच्या नजरेला सगळंच बदललेलं. मग दुकानात गेलेला मूळ इन्स्टॉलर उघडला, त्यातल्या न बदललेल्या फायली जशाच्या तशा उचलल्या आणि नव्या तीनच मधे ठेवल्या. पॅच दोन एमबीच्या आत आला. व्हर्जन वाढवताना तिसरा आकडा वाढवला, कारण विंडोज इन्स्टॉलर प्रॉडक्ट व्हर्जनचा चौथा आकडा बघतच नाही. बऱ्याच लोकांना हे ठाऊक नसतं आणि मग पॅच का लागत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

यापेक्षाही लहान करता आला असता. फाईलमधले बदललेले बाइट तेवढेच पाठवायची सोय आहे; आमचं 300 केबीत भागलं असतं. सहकाऱ्याला तेच हवं होतं, मी नाही म्हटलं. बाइटांचा फरक बसायला खालची जुनी फाईल तंतोतंत तीच लागते. आमच्या सपोर्टच्या पोरांनी वर्षभर कुणाला ‘ही डीएलएल तेवढी कॉपी करा’ म्हणून काय काय पाठवलं होतं, त्याची नोंद कुठे होती? तीन फायली पूर्ण पाठवल्या. दीड एमबी जास्त गेले, झोप नीट लागली.

रविवारी दुपारी पॅच व्हॉट्सॲपवर सोडला. रात्रीत बहुतेक दुकानांत बसलाही. काही ठिकाणी 1642 एरर आला, म्हणजे दुकानात आमच्या समजापेक्षा जुनी आवृत्ती होती. त्यांच्यासाठी त्या आवृत्तीचा वेगळा पॅच काढून दिला.

सोमवारी सकाळी भूमकडच्या एका दुकानातून फोन आला. तिकडं रात्रभर पावसानं झोडपलं होतं, परंड्याकडे तर लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. दुकानात पाणी शिरल्यामुळे शेठनी कॉम्प्युटर माडीवर नेऊन इन्व्हर्टरवर लावला होता. मी म्हटलं, ‘शेठ, आज राहू द्या. पॅच अर्धवट राहिला तरी जुना प्रोग्रॅम शाबूत आहे, इन्स्टॉलर सगळं मागं घेतो.’

‘साहेब, काल रात्रीचा साठा जुन्या दरानं बंद करायचाय. उद्या काय भिजलं अन् काय राहिलं, हे कागदावर तर पायजे ना?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पडद्यावर काय आलंय ते त्यांचा मुलगा वाचून दाखवत होता. पॅच मूळ एमएसआय फाईल, म्हणजे प्रोग्रॅम कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी फाईल, मागत होता. माझ्या लक्षात आलं. विंडोज बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या एमएसआयची प्रत सी ड्राइव्हच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, सी, विंडोज, इन्स्टॉलर. पॅच त्या प्रतीवर चालतो. मुलाला विचारलं, ‘जागा करायला कुणी काही पुसलं होतं का?’ गेल्या दिवाळीआधी कॉम्प्युटरवाल्यानं ‘कचरा’ साफ केला होता. त्या फोल्डरमधलं सगळं गेलेलं.

ॲनीडेस्क जोडून लांबूनच त्यांचा कॉम्प्युटर चालवण्याएवढं नेट नव्हतं. पण नशीब असं की आमच्या मूळ इन्स्टॉलरमध्ये एमएसआय वेगळा आणि माल भरलेल्या कॅब फायली वेगळ्या होत्या. नुसता एमएसआय जेमतेम दीड एमबीचा. तो मुलाच्या मोबाईलवर पाठवला, त्यानं केबलनं कॉम्प्युटरवर घेतला. आता त्याला ते नाव द्यायचं होतं, जे विंडोजनं पूर्वी स्वतःच्या मनानं दिलं होतं. ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सापडतं. मुलगा बारावीचा, हुशार. ती वही दाखवणारं रेजएडिट उघडून आमच्या प्रोग्रॅमचं नाव शोधलं आणि ‘लोकलपॅकेज’च्या पुढचं नाव वाचू लागला. ही नावं म्हणजे आकडे आणि ए ते एफ अक्षरांची भेळ. त्यात लाइन खरखरत होती.

‘बी का डी?’
‘डी.’
‘नीट सांग, बॉलचा बी का डब्याचा डी?’
‘डब्याचा, काका, डब्याचा!’

नाव बदललं, फाईल फोल्डरमध्ये ठेवली, पॅचवर परत डबल क्लिक. हिरवी पट्टी पुढे सरकत होती तोवर मुलगा टक्केवारी मोठ्यानं सांगत होता आणि मागून शेठ इन्व्हर्टरची. बसला.

नंतर आम्ही पॅचला एक छोटा प्रोग्रॅम जोडला. त्या लपलेल्या फोल्डरमधली प्रत जागेवर आहे का ते तो आधी बघतो, नसेल तर सोबतचा एमएसआय स्वतःच तिथं ठेवतो. त्यानं पॅच जवळपास दुप्पट झाला, पण ते मी मुद्दाम केलं. भूमच्या त्या कॉम्प्युटरवाल्यालाही फोन करून सांगितलं की ते फोल्डर पुसत जाऊ नका. तो म्हणाला, ‘साहेब, 120 जीबीच्या एसएसडीत ते फोल्डर एकटंच 20 जीबी खातंय. तुम्ही सांगा, गिऱ्हाइकाला काय सांगू?’

मी त्याला त्या फोल्डरमधल्या बेवारस फायली वेगळ्या कशा ओळखायच्या ते सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, आणि मग विचारलं की तुमच्या सॉफ्टवेअरची डीलरशिप देता का.